मला केंद्रातून काढलं तेव्हा

टिळेकर मॅडम स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मोहरी तडतडत होती. कढीपत्ता माझ्या हातात, पलीकडे परातीत पोहे भिजलेले, आणि नाश्त्याची घंटा व्हायला थोडाच वेळ. अशा वेळी माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हा त्या स्वयंपाकघराचा नियम होता आणि तो मीच केलेला होता.

"मामा, गॅस बारीक करता का जरा?"

"फोडणी वाया जाईल."

"मग होऊ दे तुमचं. मी थांबते."

त्या खरंच थांबल्या, दाराच्या चौकटीला टेकून. मी कांदा परतला, हळद टाकली, पोहे घातले, झाकण ठेवलं आणि हात पुसत वळलो.

"पुढच्या महिन्यापासून तुम्ही इथं राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "नारायणगावात खोली बघा. मी एका-दोघांशी बोलून ठेवलंय. कामाचंही होईल काहीतरी."

मला वाटलं त्या दुसऱ्या कुणाला सांगतायत. माझ्या मागे माझ्या हाताखालचा अझहर कोथिंबीर चिरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून चिरतच राहिला.

"कुणी राहायचं नाही?"

"तुम्ही, मामा."

आमचं व्यसनमुक्ती केंद्र नारायणगावच्या बाहेर, जुन्नर रस्त्याला, शेतांच्या मध्ये होतं. मी तिथं आलो तो पेशंट म्हणून. त्याआधी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. दारूपायी नोकरी गेली, बायको मुलाला घेऊन मंचरला भावाकडे गेली, आणि दोनदा भरती होऊन दोनदा पुन्हा प्यायलो. तिसऱ्या खेपेला सुटली. त्याच सुमाराला केंद्राचा आचारी काम सोडून गेला होता. केंद्र ज्यांनी काढलं ते दादा मला म्हणाले, "हुलवळे, घरी जायची घाई करू नकोस. थोडे दिवस इथंच राहा, स्वयंपाकाचं बघ." मी झारा हातात घेतला. त्या थोड्या दिवसांची सहा वर्षं झाली. आता दादा गुडघ्यांच्या दुखण्यामुळे पुण्याला लेकीकडे राहायला गेले होते आणि केंद्र टिळेकर मॅडमकडे आलं होतं. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, शांत बोलणाऱ्या, कुणावर आवाज न चढवणाऱ्या. त्याचाच मला जास्त राग यायचा.

"काय चुकलं माझं?" मी विचारलं.

"काही नाही."

"कुणी तक्रार केली?"

"कुणीच नाही."

"जेवणात काही कमी-जास्त?"

"जेवण उत्तम असतं. चूक झाली म्हणून सांगत नाहीये मी."

"मग कशासाठी?"

"पेशंट तीन महिन्यांत घरी जातो. तुम्ही गेलाच नाहीत."

"मी पेशंट नाही. मी इथला स्टाफ आहे."

"स्टाफ संध्याकाळी घरी जातो, मामा."

त्यांनी पुढे विचारलं, "ती दाढ कधीपासून दुखतेय तुमची?"

"लवंग ठेवतो मी तिथं."

"दवाखाना एस.टी. स्टँडसमोर आहे. पुतण्याच्या लग्नाला का गेला नाहीत?"

"स्वयंपाक कुणी केला असता? आणि लग्नात कुणी ना कुणी पिऊन येतंच. बाहेरच्या जगात जपून राहायचं, हे तुम्हीच शिकवता ना?"

"जपून राहायचं. राहायचंच नाही असं नाही शिकवत."

मी मग माझ्याकडचं शेवटचं हत्यार काढलं. बाहेर हॉलमध्ये पेशंट पंगतीला बसायला लागले होते. त्यांनाही ऐकू जावं अशा बेतानं म्हणालो, "आणि बाहेर जाऊन मी प्यायलो तर? जबाबदारी कुणाची?"

मॅडमचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "तर परत या. पेशंट म्हणून. कॉट देईन मी तुम्हाला."

त्या दिवशी पोहे खाली लागले. मला करपट वास दिवसभर येत राहिला.

दुपारी ऑफिसातून मी दादांना फोन लावला. ते ऐकून घेतील आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटेल, अशी माझी खात्री होती. मी मॅडमबद्दल जे जे साठलं होतं ते बोलून घेतलं.

"तिचं ऐक," दादा म्हणाले.

"दादा, तुम्हीच मला ठेवून घेतलं होतं."

"ठेवलं होतं रे. सोपं होतं ते."

काय सोपं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. गुडघ्याला कुठलं तेल लावतात ते सांगत बसले. मी फोन ठेवला आणि ठरवलं की या माणसाशी परत बोलायचं नाही.

महिनाअखेरीला मी ट्रंक उचलली आणि नारायणगावात आलो. खोली एका पिठाच्या गिरणीच्या मागे होती. पंखा होता, मोरी होती, खिडकी गिरणीच्या भिंतीवर उघडत होती. काम मिळालं ते पोपटशेठ डोके यांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळल्या की त्यांच्याकडे येत. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं, जोडून द्यायचं. मी लाइनमन होतो म्हणजे तारेला घाबरणारा नाही, एवढ्यावर त्यांनी मला घेतलं. डोकेशेठ साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं कमी.

पहिल्याच सकाळी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. केंद्रात आम्हाला शिकवलं होतं, लपवायचं नाही, आपली ओळख आपणच सांगायची. मी म्हणालो, "डोकेशेठ, एक गोष्ट आधीच सांगतो. मी दारुडा आहे. सहा वर्षांपूर्वी सोडली. आजवर थेंब नाही."

केंद्रात हे वाक्य बोललं की टाळ्या पडायच्या. नवीन पेशंट तोंडाकडे बघत राहायचे.

डोकेशेठनी चष्म्यातून वर पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "तो पंखा खोल. बुश गेलाय त्याचा."

बस, एवढंच. नंतरही कधी विचारलं नाही. समोरच्या हार्डवेअरवाल्याला मी सांगितलं, तो म्हणाला, "चांगलं केलं," आणि गिऱ्हाइकाकडे वळला. गिरणीवाल्याला सांगितलं, त्याला जात्याच्या आवाजात ऐकूच गेलं नाही. मी दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं तेव्हा दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आयुष्यात केलेली एकमेव मोठी गोष्ट, आणि ती ऐकायला गावात कुणाला सवड नव्हती.

काम संपलं की खरी पंचाईत. केंद्रात घंटा होती. उठायची, प्रार्थनेची, नाश्त्याची, गटाच्या बैठकीची, जेवणाची, झोपायची. मला वाटायचं मी शिस्तीचा माणूस आहे. खोलीवर आलो तेव्हा कळलं की शिस्त घंटेची होती. डोकेशेठ दुकान बंद करून घरी जात आणि मी कुलपाकडे बघत फुटपाथवर उभा राही. खोलीवर जाऊन काय करायचं? पहिल्या संध्याकाळी खिचडी टाकली. मुठीनं तांदूळ घेतले, मुठीनं डाळ, आणि झाकण उघडलं तर पातेलं वर आलेलं. सहा वर्षांत मी एका माणसाचा स्वयंपाक केला नव्हता. तीच खिचडी दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी खाल्ली. तिखटही केंद्रातल्या चाळीस जणांचं पडलं होतं. मग चिडून पुढचे काही दिवस वडापावच खाल्ला.

दाढ मात्र काढून आलो, कारण संध्याकाळी जायला दुसरी जागाच नव्हती. डॉक्टर म्हणाला, "इतके दिवस काय करत होता?" मी म्हणालो, "स्वयंपाक."

रविवारी केंद्रात भेटीचा दिवस असे. मी गेलो नाही. ज्यांनी काढलं त्यांच्या दारात मीच कशाला जायचं? पण मला एक दिवस ठाऊक होता, त्या दिवशी त्यांना मला बोलवावंच लागणार होतं. केंद्रात दारू सोडल्याच्या तारखेला वाढदिवस म्हणतात. त्या दिवशी पेढे वाटायचे, मेडल मिळायचं, आणि ज्याचा वाढदिवस त्यानं सगळ्यांसमोर बोलायचं. माझं बोलणं दरवर्षी गाजायचं. विजेच्या खांबाखाली चिखलात पडलेलो असताना मुलगा शाळेतून येऊन बाजूनं निघून गेला, तिथं आलो की लोक डोळे पुसायचे. यंदाही मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. मॅडमना जे बोलायचं ते त्यातच कुठंतरी घालून टाकणार होतो.

वाढदिवस गुरुवारी आला. फोन काही आला नाही. दुकानात खोडदच्या भोरबाईंची मोटार माझ्यासमोर उघडी पडली होती. दुपारपर्यंत कॉइल भरून द्यायच्या असं डोकेशेठनी त्यांना कबूल केलं होतं आणि मला बजावलंही होतं. डोकेशेठ जेवायला घरी गेले. मी तार खाली ठेवली, दुकानाचं दार नुसतं ओढून घेतलं, मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले आणि जीप पकडून केंद्रावर गेलो.

फाटकावर एक नवीन पेशंट बसला होता. मी त्याला ओळखत नव्हतो, तो मला. त्यानं मला खालून वर पाहिलं. "ॲडमिट व्हायचंय का? बरोबर कोण आहे?"

"अझहरला बोलाव," मी म्हणालो.

अझहर हात पुसत आला. अंगावर माझाच जुना एप्रन होता. "मामा," तो म्हणाला आणि हसला, पण कडीला हात लावला नाही. "आज भेटीचा दिवस नाही ना. मॅडमनी सांगितलंय..."

"मला सांगतो का भेटीचे दिवस? उघड."

"मी मॅडमना बोलावतो."

मॅडम आल्या. आम्ही दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे. मी पेढ्यांचा बॉक्स दाखवला. "आज कुठला दिवस आहे, आठवतं का?"

"आठवतं. मी रविवारी करायचं ठरवलंय. सगळे असतील. जेवायलाच या तुम्ही."

"वाढदिवस आज आहे."

"हो. पण आज गुरुवार आहे, तुमचं काम असेल."

"सोडून आलोय काम."

"मग परत जा, मामा."

"या फाटकाला मी रंग दिलाय, मॅडम."

"माहीत आहे मला."

"पाच मिनिटं आत घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा थकल्यासारखा वाटला. "पाच मिनिटांत तुम्ही स्वयंपाकघरात गेला असता. अझहर बाजूला झाला असता, कारण त्याला अजून तुमची भीती वाटते. रात्रीचं वरण तुम्ही केलं असतं. आणि मला ते आवडलं असतं हो. तुमच्यासारखा माणूस इथं राहून फुकटात चाळीस जणांचं जेवण करतो, कुठल्या केंद्राला नको असतो? दादांनाही नको नव्हता. म्हणून त्यांनी तुम्हाला कधी जा म्हटलंच नाही."

मी ते ऐकलं, पण त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला एवढंच दिसत होतं की फाटक बंद आहे, एप्रन दुसऱ्याच्या अंगावर आहे आणि मी बाहेर आहे. "ठेवा तुमचा रविवार तुमच्याजवळ," असं म्हणून मी पेढ्यांसकट माघारी वळलो.

जीपची वाट न बघता चालत सुटलो. फाट्याजवळ एक परमिट रूम आहे. येताना-जाताना मी नेहमी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचो. त्या दिवशी सरळ आत गेलो. दुपारची वेळ, आत कुणी नाही. एक वेटर टेबलं पुसत होता. मी कोपऱ्यात बसलो, पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि क्वार्टर सांगितली. ब्रँड त्यानं विचारला तेव्हा माझ्या तोंडातून जुनंच नाव आलं, अडखळलोसुद्धा नाही.

त्यानं बाटली आणली, ग्लास, पाणी, ताटलीत खारे शेंगदाणे. मी बाटलीकडे बघत बसलो. आता पुढचं सगळं मला स्पष्ट दिसत होतं. पिणार. मग रिक्षा करून फाटकावर जाणार. तो नवीन पेशंट विचारेल, ॲडमिट व्हायचंय का, आणि या खेपेला मी हो म्हणणार. मॅडम येतील. त्यांना शब्द पाळावा लागेल, कॉट द्यावी लागेल. सकाळी घंटा होईल. हातांचा थरकाप थांबला की एखाद्या दिवशी अझहर कॉटजवळ येईल आणि म्हणेल, मामा, जरा आमटीचं मीठ बघता का?

बराच वेळ मी हे असंच बघत होतो. मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि माझं मलाच कसंतरी झालं. या सगळ्यात मला दारूची चव एकदाही आठवली नव्हती. ती घशाखाली उतरताना कशी लागते, डोक्यात कशी चढते, काहीच नाही. मला घंटा हवी होती. बाटली नुसती तिकिटासारखी समोर होती.

हे कळलं म्हणून मी उठलो का? नाही. उलट जास्तच राग आला. बसून राहिलो. बाटलीचं झाकण पिरगळायला हात घातला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डोकेशेठ.

"कुठं हायेस?" ते ओरडले. "भोरबाई इथं येऊन बसल्यात. मोटार उघडी, दुकान उघडं, माणूस नाय."

"मी येत नाही आज."

"येत नाय म्हंजे? बाईंचे टोमॅटो वाळून चाललेत. मी शब्द दिलाय त्यांना."

"शेठ, मी बारमध्ये बसलोय."

पलीकडे मागे भोरबाईंचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी विजेच्या वेळापत्रकाबद्दल शिव्या देत होत्या.

"प्यायलास?" डोकेशेठनी विचारलं.

"अजून नाही."

"मंग ये की."

मी झाकणावरचा हात काढला नाही.

"प्याला असतास तर मीच म्हटलो असतो नको येऊ," ते म्हणाले. "वेढे मोजताना चुकतं. नाय ना प्याला? मंग ये लवकर. आन् येताना स्टँडवरनं इन्सुलेशन पेपर घेऊन ये, संपलाय."

फोन बंद झाला.

मी तिथंच बसलो. एवढं मोठं वाक्य मी बोललो होतो. केंद्रात असं कुणी फोनवर म्हटलं असतं तर गाडी काढली असती, दोन माणसं धावत आली असती, रात्रभर कुणीतरी उशाशी बसलं असतं. आणि या माणसाला इन्सुलेशन पेपर हवा होता. मला वाटलं आता तर प्यावीच, मुद्दाम. पण गंमत अशी की प्यायलो असतो तरी डोकेशेठना त्याचं काही वाटलं नसतं, फक्त कॉइल दुसऱ्या दिवसावर गेली असती. ज्याला दाखवायचं त्याला बघायलाच सवड नाही, तर दाखवायचं कुणाला?

वेटर टेबलाशी आला. "काही प्रॉब्लेम, साहेब?"

"परत घेता का?"

त्यानं बाटली उचलून झाकण पाहिलं. "सील आहे. घेतो. शेंगदाणे खाल्लेत तुम्ही, त्यांचे लागतील."

मी शेंगदाणे कधी खाल्ले होते ते मला आठवत नव्हतं.

दुकानात आलो तेव्हा भोरबाई क्रेट उलटा करून त्यावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, पायात पुरुषी चपला. मला बघून त्या डोकेशेठना म्हणाल्या, "हाच का तो? याला काय दुपारची झोप लागती?"

"काम होतं माझं," मी म्हणालो.

"आन् आमचं काय खेळ हाय का? पाणी नसलं तर झाडं थांबत्यात व्हय?"

डोकेशेठ जवळ आले, माझ्या तोंडाजवळून मुद्दाम गेले, एकदा नाक ओढलं आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले. एवढीच चौकशी. मी बॉक्स टेबलावर टाकला.

"काय हाय?" भोरबाईंनी विचारलं.

"पेढे."

"कशाचे?"

"वाढदिवसाचे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्यांनी बॉक्स उघडून एक पेढा घेतला, एक डोकेशेठना दिला. "एवढ्या बाप्याचा वाढदिवस," त्या खाताखाता म्हणाल्या. "घ्या, गोड हाय. आता तरी बस कामाला."

मी बसलो. पेपर कापला, खाचांमध्ये घातला, तार ओढली, वेढे मोजायला लागलो. राग इतका होता की दोनदा मोजणी विसरलो आणि दोनदा सगळं उसवून पुन्हा भरलं. भोरबाई माझ्या हातांकडे बघत बसल्या होत्या आणि अधूनमधून सुस्कारा सोडत होत्या. अंधार पडता पडता कॉइल भरून झाल्या. वार्निश मारलं. रात्रभर वाळू द्यावं लागेल, सकाळी या, असं डोकेशेठनी त्यांना सांगितलं. त्या उठल्या, गुडघे चोळले आणि जाताना मला म्हणाल्या, "परत जळली तर घरी येऊन बसंन तुझ्या."

त्या रात्री मी खोलीवर गेलो, मुगाची खिचडी टाकली. या खेपेला वाटीनं मोजून. तरी थोडी उरलीच. ती गिरणीच्या कुत्र्याला घातली आणि झोपलो.

मोटार परत जळली नाही. पण शनिवारी संध्याकाळी भोरबाईंचा फोन आला. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, मोटार खालच्या टप्प्यावर उतरवायची होती, आणि त्यांच्याकडे माणूस नव्हता. डोकेशेठ मला म्हणाले, "उद्या येतोस का? पाहिजे तर नको येऊ, तुझी सुट्टी हाय." मी येतो म्हणालो. सकाळीच आम्ही स्कूटरवरून खोडदला गेलो. विहीर जुनी, दगडी, आत उतरायला पायऱ्या अर्ध्याच. मी कमरेला दोर बांधून उतरलो, वरून डोकेशेठ आणि भोरबाई दोर सोडत होते आणि एकमेकांवर ओरडत होते. मोटार एकदा भिंतीला घासली, एकदा माझ्या पायाच्या अंगठ्यावर आली. मी खालून शिवी दिली, तर वरून भोरबाईंनी उलटी दिली. दुपारी पाणी वर आलं. पाइपातून पहिला फवारा चिखलाचा, मग स्वच्छ. बाईंनी मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी वाढली. उसळीला मीठ कमी होतं. मी मागून घेतलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. मग बांधावरच्या आंब्याखाली पडलो, ते ऊन उतरेपर्यंत उठलोच नाही. अंगठा ठणकत होता, तरी झोप लागली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. डोकेशेठ गेले. दुकान त्यांच्या मुलाचं आहे आणि मी अजून तिथंच कॉइल भरतो. बायको परत आली नाही, येणारही नव्हती. मुलगा वर्षातून दोनदा येतो, खोलीत चहा घेतो, मुक्काम करत नाही. संध्याकाळी मी तालमीशेजारच्या मैदानावर दोन चकरा मारतो आणि कुणाशी तरी भांडून घरी जातो. केंद्रावर अधूनमधून जातो, पाहुण्यासारखा. अझहर बरा स्वयंपाक करायला लागला होता, मग तोही गेला, भिवंडीला. त्याच्या जागी तिसराच कुणी आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या पुढच्या मंगळवारचं.

मंगळवारी सकाळी मी दुसऱ्याच कुणाची तरी सबमर्सिबल मोटार खोलून बसलो होतो. आत सगळा गाळ भरला होता आणि बेअरिंग निघत नव्हतं. हात ग्रीसनं बरबटलेले. फोन वाजला तो मी कोपरानं पुढे ओढला आणि खांद्याशी धरला. टिळेकर मॅडम होत्या.

"मामा, बरे आहात ना?"

"आहे. बोला."

"रविवारी वाट बघितली आम्ही. मेडल आणून ठेवलं होतं. सगळे थांबले होते जेवायचे." त्यांच्या आवाजात काळजी होती, लपवली तरी कळत होती. "तुम्ही गुरुवारी रागावून गेलात. फाट्याकडे गेलात असं अझहरनं सांगितलं. मला दोन दिवस झोप नाही. फोन करावा की नाही, हेच ठरत नव्हतं."

"मी ठीक आहे."

"रविवारी कुठं होता?"

"खोडदला. विहिरीत मोटार सोडायची होती."

"दिवसभर?"

"नाही, दुपारपर्यंत. मग जेवलो तिथंच, मटकी-भाकरी. मग झोपलो."

"झोपलात."

"हो. झाडाखाली."

"रागावला होता म्हणून आला नाहीत का? खरं सांगा. मला चालेल."

मी बेअरिंगवर हातोडीचा दांडा ठेवून जोर लावत होतो. ते तसूभरही हलत नव्हतं. खरं म्हणजे राग होताच, अजूनही होता. पण रविवारी मी गेलो नाही ते रागामुळे नव्हे. रविवार होता, हेच डोक्यात नव्हतं. शनिवारी नाही, विहिरीत उतरताना नाही, जेवताना नाही, संध्याकाळी स्कूटरवरून येताना गावात केंद्राकडे जाणारा जुन्नर रस्ता दिसला तेव्हाही नाही.

"नाही हो," मी म्हणालो. "विसरलो."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली.

"मॅडम?"

"काय म्हणालात, मामा? परत सांगा."

"विसरलो, म्हटलं. रविवार लक्षातच राहिला नाही."

मग त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी झाल्यासारखा. मला कळेना की आता यात रडण्यासारखं काय आहे. समोर गिऱ्हाईक उभं, डोकेशेठ खुणेनं विचारतायत किती वेळ, आणि बेअरिंग अडकलेलं.

"मॅडम, मोटार उघडी पडलीय माझी," मी म्हणालो. "ठेवू का?"

"ठेवा, ठेवा," त्या म्हणाल्या.

पण त्यांनी फोन ठेवला नाही. मग मीच ठेवला.